ती एकटी खेळायची

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली की धुळ्याच्या देवपुरात अजूनही दोन-चार कडुनिंबांना झोके लागतात. सासरहून आलेल्या पोरी ऊन कललं की झोक्यावर बसतात. गाणी त्यांना निम्मीच आठवतात, उरलेली मोबाइलवर शोधतात. मी गॅलरीत उभी राहून बघते. तारेवर टाकलेले कपडे अर्ध्या तासात कडक होतात, कूलरच्या जाळीवर पाणी मारलं की ओल्या गवताचा वास घरभर फिरतो, शेजारच्या घरात आंबे पाण्यात टाकलेले असतात. आमच्या खान्देशात हा लेकींचा सण. मी मात्र या दिवसांत झोक्याजवळ फिरकत नाही. घरच्यांना वाटतं, मला ऊन सोसत नाही. मीही तसंच सांगते. एका खेळामुळे असं होतं हे कुणाला आणि कसं सांगणार? तोही मैदानातला नाही, पत्त्यांचा नाही. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत चालणारा, अंतराळातल्या जहाजांचा खेळ.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या धुळ्याच्या शाखेत कॉम्प्युटर ऑपरेटर होते. मुख्य कचेरी जळगावला, मालक राजस्थानातून तीन पिढ्यांपूर्वी येऊन इथलेच झालेले. रावेर-यावलकडची केळी ट्रकात भरून उत्तरेला जायची, कापसाच्या गाठी, डाळी जायच्या. प्रत्येक मालाची एक बिल्टी फाडायची, म्हणजे कुणी, काय, कुठं पाठवलं त्याचा कागद. त्या बिल्ट्या मी दिवसभर कॉम्प्युटरवर चढवत असे. खरं यंत्र जळगावला होतं. माझ्यापुढे नुसता पडदा आणि कळफलक, मध्ये मोडेम नावाचा एक डबा आणि टेलिफोन खात्याकडून भाड्यानं घेतलेली लाइन. आज ज्याला सगळे ऑनलाइन म्हणतात त्याला आम्ही 'लाइनवर असणं' म्हणायचो.

त्या खोलीचं सुख आज कुणाला कळणार नाही. आग्रा रोडवरचं डांबर चपलेला चिकटायचं, पूल ओलांडताना पांझरेच्या कोरड्या पात्रातून येणारा वारा तोंड भाजून काढायचा, आणि कचेरीत शिरून चपला दाराबाहेर काढल्या की आत एसी. माणसांसाठी नव्हता तो, यंत्राला ऊन लागू नये म्हणून होता. आमचे हेडक्लार्क आबा दुपारी दोन वाजता काहीतरी विचारायला म्हणून आत यायचे, पाच मिनिटं उभे राहायचे आणि काही न विचारता परत जायचे. बाहेर ते आणि हमाल, आत मी. दिवसाचे नऊ तास मी त्या गार खोलीत एकटी असे.

एकटी, पण अगदी एकटी नव्हते. जळगावला अक्का होती.

निर्मला अक्का माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, जळगावच्या यंत्राची प्रमुख ऑपरेटर. नोकरी लागल्यावर मला महिनाभर तिच्याकडे शिकायला पाठवलं होतं. राहायला कुठं जाणार, म्हणून तिनं मला आपल्याच घरी नेलं. दोन खोल्या, नवरा गिरणी बंद पडल्यापासून घरी, दोन मुलं शाळेत. त्यात मी. माझ्या हातांवर रुमाल टाकून ती मला न बघता टाइप करायला शिकवायची. चुकलं की रुमालावरून बोटावर टिचकी मारायची आणि हसायची. मी निघाले त्या दिवशी बसस्टँडवर म्हणाली होती, "तिकडे एकटं वाटलं तर लाइनवर दोन अक्षरं टाक. मी इथंच असते." आणि ती खरंच असायची. सकाळी पडदा उजळला की पहिली ओळ तिची, इंग्रजी अक्षरांत मराठी: 'आलीस का गं', 'जेवलीस का', 'आज इकडे आभाळातून विस्तव पडतोय'.

तो खेळ यंत्र बसवायला पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं जळगावच्या यंत्रात टाकून ठेवला होता. ठिपक्यांचा एक मोठा नकाशा. ठिपके म्हणजे रिकामं आकाश, चांदणी म्हणजे ग्रह, आणि एकेक अक्षर म्हणजे एकेका माणसाचं जहाज. मी 'व', म्हणजे वंदना, इंग्रजीतला. अक्का 'न'. ग्रहांवरून इंधन घ्यायचं, खनिज काढायचं, दुसऱ्यानं गाठलं तर लढायचं नाही तर पळायचं. आणि त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट ही की आपण उठून घरी गेलो तरी जहाज तिथंच राहायचं. आपण भाकरी खात असू, आंघोळ करत असू, आणि तिकडे त्या काळ्या पोकळीत आपलं जहाज इंजिन बंद करून उभं. कुणाला दिसलं तर संपलं.

जळगावला पाच ऑपरेटर होते. त्यांनी आपलं मंडळ केलं होतं. पाटील नावाचा एक उंच, मोठ्यानं बोलणारा गडी त्यांचा पुढारी. अक्काही मंडळात होती. मला त्यांनी बोलावलं, पण मी गेले नाही, आणि त्याचं कारण मानीपणा नव्हे. माझी लाइन हळू होती. मी कळ दाबायची आणि तीन आकडे मोजायचे, मग पडद्यावर काय ते कळायचं. जळगावचे लोक यंत्राला लागूनच बसलेले. त्यांचा वार होऊन जायचा, माझा अजून वाटेतल्या पारोळ्याच्या आसपास असायचा. लढाईत मी नुसतं ओझं झाले असते. म्हणून मी एकटीनं खेळायचं ठरवलं.

एकटीनं खेळण्याची एक वेगळी रीत असते, ती मला हळूहळू सापडली. मोठं जहाज घ्यायचं नाही, ते लांबून दिसतं. जवळ फार काही बाळगायचं नाही. रोज एकाच वाटेनं जायचं नाही. नकाशाच्या मध्यावर जे काही झगमगतं आहे तिकडे फिरकायचंच नाही. कडेकडेनं, जिथं कुणाला काही मिळत नाही तिथून जायचं. आणि समोरचा आत्ता कुठं आहे ते बघायचं नाही, तीन आकडे मोजल्यावर तो कुठं असेल ते बघायचं. मी पाटलाला इतकं ओळखायला लागले होते की तो कधी वळणार हे मला त्याच्या आधी कळायचं. धुळ्याच्या त्या खोलीत, मोडेमच्या बारीक चिरचिरीशेजारी बसून, मी पाच जणांच्या मंडळाला तीन महिने सापडले नाही. माझ्या आयुष्यात तोवर मला इतकं चांगलं काहीच जमलं नव्हतं. काम पाचला संपायचं, लाइन सातपर्यंत चालू असायची. ते दोन तास माझे होते. आबांना ठाऊक होतं. एकदा पडद्याकडे बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, यात जिंकल्यावर काय मिळतं. काही नाही म्हटल्यावर त्यांना ते पटलं.

मार्चच्या शेवटी मला नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक ग्रह सापडला. छोटा, कुणीच न गेलेला, आणि इंधन पुष्कळ. मी त्याचं नाव पांझरा ठेवलं. नकाशावर नाव ठेवता येत नव्हतं, मनातच ठेवलं. रोज सात वाजता जहाज तिथं नेऊन त्याच्या आडोशाला उभं करायचं आणि निर्धास्त घरी जायचं. ही जागा मी एकाच माणसाला सांगितली. तिनं विचारलंही नव्हतं. चांगली बातमी आहे आणि सांगायला कुणी नाही, हे मला सोसेना, म्हणून मीच लिहिलं. अक्कानं उत्तर दिलं, 'हुशार गं माझी. कुणाला बोलू नकोस.'

आता मागे वळून बघताना सगळं ओळीनं लागतं. तेव्हा तसं लागत नव्हतं. आखाजीच्या आधीच्या आठवड्यात जळगावचं यंत्र एका दुपारी बंद पडलं. मला धुळ्यात इतकंच कळलं की पडदा थिजला आहे. मी आबांना सांगितलं, हातानं बिल्ट्या फाडल्या, संध्याकाळी यंत्र सुरू झालं. जळगावात काय झालं ते मला पुष्कळ नंतर समजलं. केळीचे ट्रक भरून उभे होते, बिल्टी छापून निघेना, कागदाशिवाय गाडी सोडायची नाही असा मालकांचा, शेठजींचा नियम. एप्रिलच्या त्या उन्हात ताडपत्रीखाली केळी दिवसभर शिजली. शेतकरी येऊन अंगणात बसले. खेळ चालू असला की यंत्र त्याची नोंद ठेवत जायचं, आणि आम्ही सहा जणांनी महिनोन् महिने खेळून त्या नोंदी इतक्या वाढवल्या होत्या की यंत्रात बिल्टीला जागाच उरली नव्हती. हे फक्त अक्काला समजलं. तिनं नोंदी पुसल्या, यंत्र चालू केलं आणि गप्प राहिली. शेठजींनी तिला बोलावून सांगितलं, कशानं झालं आणि कुणामुळे झालं ते आखाजी झाली की मला लेखी द्या. यातलं एक अक्षर तिनं मला लाइनवर कळवलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी तिची ओळ आली. 'मी दोन दिवस माहेरी धरणगावला. मंडळालाही सुट्टी. तूही जरा जहाज विसर, आईजवळ बस.'

मी तसंच केलं. त्या संध्याकाळी जहाज पांझरेपाशी नुसतं सोडलं. आडोशाला नेलं नाही, इंजिनही पूर्ण बंद केलं नाही. घाईत होते, घरी खापराच्या पुरणपोळ्यांचं पुरण वाटायचं होतं.

आखाजीचा दिवस मला अजून तुकड्यातुकड्यांनी दिसतो. अंगणात चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर, त्यावर आईनं हातांवर कोपरापर्यंत पसरवून टाकलेली पोळी, धुरानं लाल झालेले तिचे डोळे. दुपारी निंबाच्या सावलीत मी झोक्यावर बसले होते आणि ती आंब्याच्या कोयी निपटत होती. आई अहिराणीतच बोलायची. म्हणाली, "दिनभर तठे एकलीच ऱ्हास का तू?"

मी म्हटलं, "एकटी कुठं? अक्का असते ना लाइनवर."

तिनं हातातली कोय खाली ठेवली. "लाइनवर शे, म्हंजे कठे शे?"

लाइनवर म्हणजे कुठं? मला हसू आलं. तिला काय सांगणार, असं वाटलं. मी पायानं जमीन ढकलली आणि झोका वर नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पडदा उजळला. अक्काची ओळ नव्हती. ती धरणगावलाच असेल, म्हणून मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. पाच वाजता खेळ उघडला, तर नकाशा आलाच नाही. एकच वाक्य आलं: तुमचं जहाज नष्ट झालं आहे. खाली वार आणि वेळ. आखाजीचा दिवस, दुपारी साडेतीन. मी झोक्यावर होते ती वेळ. आणि त्याखाली, कुणी केलं त्याचं नाव. पाटील असता तर मी चिडले असते आणि दुसऱ्या दिवशी हसलेही असते. नाव निर्मलाचं होतं.

मी ते नाव पुनःपुन्हा वाचलं. तिच्या जागी दुसरं कुणी बसलं असेल, असंही मनाला सांगून बघितलं. पण प्रत्येकाचा सांकेतिक शब्द वेगळा असायचा आणि अक्का आपला शब्द नवऱ्यालाही सांगणारी नव्हती. म्हणजे ती धरणगावला गेलीच नव्हती. सणाच्या दिवशी, बंद कचेरीत किल्ली लावून ती एकटी आत बसली होती, नकाशाच्या पार खालच्या कोपऱ्यापर्यंत आली होती, आणि माझ्या उभ्या जहाजावर, ज्यात मी नव्हते, तिनं वार केला होता.

मी लिहिलं, 'अक्का, का?' उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी कामाच्या ओळी आल्या, अमुक बिल्टी परत चढव, तमुक गाडीचा नंबर तपास. 'जेवलीस का' आलं नाही, पुन्हा कधीच.

जहाज गेलं की नवं मिळायचं, पण सगळ्यात लहान, मूठभर इंधनाचं, आणि नकाशाच्या बरोबर मध्यावर. तिथं मंडळ टपून बसलेलं असे. शहाण्या माणसानं खेळ सोडून दिला असता. मला सोडवेना. राग होता, आणि रागाच्या तळाशी, मला दुसरं काही येतच नाही अशी एक भीतीही होती. मी यंत्राचा विचार सोडून दिला आणि जळगावच्या कचेरीचा विचार करायला लागले. महिनाभर मी तिथं राहिले होते. पाटील सव्वापाचला चहाला उठतो आणि एकटा कधी जात नाही, बाकीच्यांना घेऊन जातो. टपरी रस्त्यापलीकडे आहे. जाऊन यायला त्यांना वीस मिनिटं लागतात. शुक्रवारी त्यांच्या भागातली वीज जाते तेव्हा यंत्र बॅटरीवर चालतं, पण पडदे बंद ठेवायला लावतात. त्या वीस मिनिटांत, त्या शुक्रवारच्या तासात, मी माझं ते चिमुकलं जहाज दोन-दोन घरं सरकवत कडेला नेलं. पांझरेकडे गेले नाही. ती जागा आता माझी नव्हती. उघड्या आकाशात, कशाच्याही आडोशाशिवाय, इंजिन बंद करून उभी राहायचे. काही नसलेल्या जागी कुणी शोधत नाही हे मला तेव्हा समजलं.

दहा दिवस मी तशी तग धरून होते. आई रोज विचारायची, काय झालं. मी एकदा सांगितलं, खेळ म्हणूनच सांगितलं, मोडकंतोडकं. तिला जहाज-बिहाज काही कळलं नसेल, पण ती म्हणाली, "त्या बठ्ठा एक शेतस, पोरी. तू एकली शे." ते सगळे एक, मी एकटी; त्यात दिलासा काहीच नव्हता. ती नुसतं दिसतं तसं सांगत होती.

नवव्या दिवशी एक गोष्ट घडली. सव्वापाचची वेळ होती. मी कडेकडेनं येत होते आणि समोर 'न' दिसला. इंजिन बंद, स्थिर. अक्का जागेवर नव्हती. बाकीच्यांबरोबर चहाला गेली असेल. मोठं, भरलेलं जहाज, आणि मी त्याच्यापासून दोन घरांवर. माझ्या हळू लाइनचाही इथं प्रश्न नव्हता, कारण समोरून उत्तर येणारच नव्हतं. एक कळ, मग एक, दोन, तीन. मी बोट कळीवर ठेवलं. त्यांची परतायची वेळ होईपर्यंत ठेवून बसले. मग जहाज वळवून निघून गेले. याचं श्रेय मी स्वतःला कधी देऊ शकले नाही. मी तिला क्षमा केली नव्हती. मला वाटलं होतं, इतक्या जवळून वळून जाणारा 'व' तिला परत आल्यावर नकाशावर दिसेल, आपण सोडून दिलं हे कळेल, तिला लाज वाटेल, आणि ती एक ओळ लिहील. तेवढ्यासाठी मी हात आवरला.

दुसऱ्या दिवशी ओळ आली ती कचेरीची होती. मला जळगावला शेठजींनी बोलावलं होतं.

सकाळच्या एसटीनं निघाले. पारोळा, एरंडोल, खिडकीच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. आबांनी निघताना एक कागद दिला होता. धुळ्याचं काम एकही दिवस मागे राहिलं नाही आणि मुलगी पाचनंतरच खेळते, असं त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून सही केली होती. कशासाठी बोलावलं आहे ते त्यांना फोनवर समजलं असावं, पण मला सांगवलं नाही.

शेठजी सभ्य गृहस्थ होते. मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मग टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. यंत्र कशानं बंद पडलं त्याचा खुलासा, आणि खाली खेळात कोण किती वेळ होतं त्याची यादी. यादीत एकच नाव होतं, माझं. खाली अक्काची सही. ती भिंतीशी उभी होती, पदर खांद्यावर घट्ट घेऊन. तिथं मला पहिल्यांदा केळीच्या ट्रकांबद्दल कळलं.

शेठजींनी विचारलं, मी खेळत होते हे खरं का. मी हो म्हटलं. मग म्हणाले, आणखी कोण. मी आबांचा कागद पुढे केला आणि म्हटलं, सगळेच खेळायचे. माझं तर जहाज गेल्यावर एवढंसं उरलं होतं. ते वाक्य तोंडातून निघालं आणि किती पोरकट आहे ते मलाच ऐकू आलं. शेठजींनी अक्काकडे पाहिलं.

अक्का म्हणाली, "ती एकटी खेळायची, शेठजी."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. आजही मी ते वाक्य उलटसुलट करून बघते आणि मला त्यात खोटं सापडत नाही. तीन महिने मी अभिमानानं जे केलं तेच तिनं सांगितलं होतं. सगळे खेळायचे हे दाखवायला काही उरलं नव्हतं. जुन्या नोंदी तिनं पुसलेल्या, उरलेल्या दहा दिवसांत जिवाच्या आकांतानं खेळणारी मीच होते.

मला काढलं नाही. धुळ्याला परत पाठवून बुकिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं, मे महिन्याच्या मध्यात. पडदा आणि कळफलक जळगावला नेले, एसीही नेला. आबा त्या रिकाम्या खोलीत एकदा जाऊन आले आणि दार लावून घेतलं. मी जूनपर्यंत कसेबसे दिवस काढले. पत्र्याखाली डोकं फुटायचं, हमाल माझ्यासाठी ओलं पोतं टांगायचे. मग नोकरी सोडली. पुढे देवपुरातल्या एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायला लागले, आणि त्याच कामावर अजून आहे. वाईट झालं असं म्हणता येणार नाही. पण एक गोष्ट मोडली ती मोडलीच. शाळेत कुणी आपणहून डबा पुढे केला, घरी ये म्हणालं, की मी हसून बाजूला होते. कडेकडेनं चालण्याची सवय लागली ती सुटली नाही. लोक मला अबोल म्हणतात. मुलं म्हणतात, मॅडमना काही लागत नाही.

त्या खेळात टिकून राहायला जे शिकले, त्यावर मी सगळं आयुष्य काढलं हे मला उशिरा कळलं. जवळ फार बाळगायचं नाही. रोज एका वाटेनं जायचं नाही. जागा कुणाला सांगायची नाही. जहाज त्यानं वाचतं. पण आत बसलेल्या माणसाचं पुढं काय करायचं, ते त्या खेळात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

अक्का मला एकदाच भेटली, बारा-तेरा वर्षांनी, धरणगावला. माझ्या एका सहकारी बाईंच्या मुलीचं लग्न होतं आणि अक्का वरपक्षाकडून आली होती. पंगतीत माझ्याशेजारची जागा रिकामी होती आणि ती येऊन बसली. ठरवून बसली, असं मला वाटतं. केस पांढरे झाले होते, बोटांची पेरं सुजलेली. पत्रावळीवर वरणबट्टी आली.

तीच बोलायला लागली. नवरा गेला म्हणाली. मुलगा नाशिकला असतो. शेठजींनी तेव्हा सांगितलं होतं, नाव दिलं नाहीत तर यंत्र तुमच्या ताब्यात होतं, दोष तुमचाच असं मी धरेन. पाटील आणि बाकीचे जळगावचे, रोज समोर बसणारे. त्यांचं नाव दिलं असतं तर त्यांनी तिचंही सांगितलं असतं. घरात तिच्या एकटीच्या पगारावर चार तोंडं. "तू लांब होतीस," ती म्हणाली. "तुझा चेहरा रोज बघावा लागणार नव्हता."

हे सगळं मी बारा वर्षांत स्वतःशीच जुळवून ठेवलं होतं. यातलं काही नवं नव्हतं, आणि खरं सांगते, ते मी समजूही शकत होते. मला दुसरंच विचारायचं होतं. मी म्हटलं, "ते नोकरीचं झालं. पण आखाजीच्या दिवशी माझं जहाज का मारलंस? त्यानं तुला काय मिळणार होतं?"

ती बट्टी कुस्करत राहिली. वरण वाढणारा पलीकडच्या पानापर्यंत आला.

"यादी लिहायला घेतली होती," ती म्हणाली. "हातच चालेना. म्हटलं, आधी तिथं करून बघू, जमतंय का." तिनं माझ्याकडे पाहिलं. "जमलं गं."

सणाच्या दुपारी, बंद कचेरीत, एका बाईनं मला आधी पडद्यावर मारून पाहिलं होतं, आणि हात चालतो अशी खात्री झाल्यावर मगच लेखणी उचलली होती.

वाढपी आमच्यापर्यंत आला. अक्कानं त्याला हातानं थांबवलं आणि माझ्या पानाकडे बोट दाखवून म्हणाली, "हिला वाढ रे. हिनं काहीच घेतलं नाही."

मी पानावर हात आडवा धरला.